राक्षस मेल्यानंतरचे पान

सैतानाशी, पिशाचांशी किंवा माणसांच्या अंगात शिरणाऱ्या एखाद्या अनामिक शक्तीशी झुंजणाऱ्या नायकाची वेगवान कादंबरी आज जगभर वाचली जाते, आणि तिच्यावरचा आक्षेपही जवळपास सगळीकडे सारखाच असतो: अशी पुस्तके अंधश्रद्धा वाढवतात, वाचकाला भित्रा आणि भाबडा बनवतात. हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो, असे माझे मत आहे. रात्री दोन वाजेपर्यंत पिशाचकथा वाचणारा वाचक सकाळी उठून आपल्या शेजाऱ्याच्या अंगात पिशाच शोधत नाही. आपण एक करार करून पुस्तक उघडले आहे, या चारशे पानांत जे अस्तित्वात आहे ते बाहेर नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते आणि म्हणूनच त्याला निर्धास्तपणे घाबरता येते. या कादंबऱ्यांना विचारायचा खरा प्रश्न भुतांच्या खरेखोटेपणाचा नाहीच. त्यांच्यात माणसे कशी मारली जातात, कोणत्या सबबीवर मारली जातात आणि मारल्यानंतर त्यांचे काय होते, हे विचारायला हवे. हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण टीकाकार हा प्रकार वाचण्याच्या योग्यतेचाच समजत नाहीत आणि जे आवडीने वाचतात त्यांना प्रश्न विचारून आपल्या आनंदात विघ्न आणायचे नसते.

मी या साहित्यप्रकाराच्या बाजूने आहे, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे, कारण पुढची सगळी तक्रार आपुलकीतून आलेली आहे. निखळ दुष्टाव्याशी समोरासमोर दोन हात करता येतात, ही कल्पना माणसाला फार मोठा दिलासा देते. प्रत्यक्ष आयुष्यातल्या बहुतेक संकटांना चेहरा नसतो. आजार, कर्ज, नात्यांतला हळूहळू वाढत जाणारा कडवटपणा यांच्यावर शस्त्र चालवता येत नाही. दिवसभर अशा बिनचेहऱ्याच्या गोष्टींशी झगडून आलेल्या माणसाला ज्याला नाव आहे, ज्याची एक कमजोर जागा आहे आणि जो शेवटच्या प्रकरणात नक्की संपणार आहे असा शत्रू हवासा वाटला, तर त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

शिवाय हा प्रकार लिहायला सोपा नाही. अमानवी शत्रू जितका बलाढ्य, तितकी त्याच्या बळाची मर्यादा नेमकी आखावी लागते, नाहीतर नायक जिंकला काय किंवा हरला काय, वाचकाला त्याचे काहीच वाटत नाही. हे शास्त्र अतिशय जुने आहे. हिरण्यकशिपूने मागून घेतलेला वर आठवावा: माणसाकडून नको आणि पशूकडून नको, घरात नको आणि बाहेर नको, दिवसा नको आणि रात्री नको, भूमीवर नको आणि आकाशात नको, शस्त्रानेही नको. एकेक वाट बंद होत जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की आता सुटका नाही. मग संध्याकाळची वेळ, उंबरठा, मांडी आणि नखे या चार गोष्टींनी सगळ्या अटी पाळून त्या अटींचा पराभव होतो. नियम आधी सांगायचा, तो शेवटपर्यंत मोडायचा नाही आणि तरीही त्यातून अनपेक्षित वाट काढायची, हे आजच्या थरारकथेचे सगळ्यात कठीण काम त्या कथेने कधीच करून दाखवले आहे. चांगले थरारकथाकार आजही तेच करतात. तीन-चार पानांची प्रकरणे, प्रत्येकाच्या शेवटी अर्धवट उघडलेले एखादे दार, ठरलेली मुदत, दोन ठिकाणी एकाच वेळी चाललेल्या घटना आणि योग्य क्षणापर्यंत राखून ठेवलेली माहिती यांची जुळवाजुळव करणे हे कसबाचे काम आहे, आणि त्याला कसब म्हणून मान मिळायला हवा.

अडचण सुरू होते ती सैतान माणसाच्या शरीरात शिरतो तेव्हा. राक्षस डोंगराएवढा, दहा तोंडांचा, सरळसरळ परका असेल तर त्याला मारताना नैतिक गुंतागुंत फारशी नसते. पण आधुनिक कादंबरीला तो राक्षस पुरत नाही. तिला विश्वासघाताची भीती हवी असते. कालपर्यंत आपला असलेला माणूस आज आपला राहिलेला नाही, ही भीती. म्हणून झपाटलेली नर्स, पछाडलेला पोलीस, डोळे काळे पडलेले मूल, आवाज बदललेली आई अशी पात्रे येतात. ही युक्ती प्रभावी आहेच, पण तिची एक किंमत आहे, कारण आता नायकाच्या हातून जे मरते ते माणसाचे शरीर असते, आणि त्या शरीरात काल एक माणूस राहत होता. बहुतेक वेगवान कादंबऱ्या ही किंमत चुकवत नाहीत. सैतान बाहेर पडला, धूर झाला, नायकाने पाते पुसले आणि प्रकरण संपले. ज्याच्या देहात तो सैतान होता त्याचे प्रेत पुढच्या पानावर कुठेच नसते.

एक साधा प्रसंग कल्पून पाहावा. मोठ्या रुग्णालयाच्या तळघराशी रात्रपाळीचा पहारेकरी बसला आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वेळ आणि काम एका वहीत लिहून घेणे ही त्याची नोकरी. नायिका आत जाते तेव्हा तो तिचे नाव विचारतो, ऐकण्यात चूक करतो, आडनावातले एक अक्षर खोडून पुन्हा लिहितो आणि तिला सही करायला सांगतो. दहा मिनिटांनी ती परत येते तेव्हा त्याच्या डोळ्यांतून दुसरेच कोणीतरी पाहत असते. झटापट होते आणि ती त्याला मारते. नेहमीच्या पद्धतीच्या कादंबरीत यापुढचे वाक्य असेल: ती जिन्याकडे धावली. आता तिला दोनच क्षण त्या टेबलापाशी थांबवून पाहावे. वही उघडीच आहे, तिच्या नावापुढचा बाहेर पडण्याच्या वेळेचा रकाना रिकामा आहे आणि खोडलेल्या अक्षराची शाई अजून ओली आहे. जो माणूस ती वेळ लिहिणार होता तो जमिनीवर पडला आहे, आणि त्या अक्षराइतका मानवी पुरावा त्याच्याबद्दल तिच्यापाशी दुसरा नाही. ती काय करील? आपले नाव मागे राहू नये म्हणून पान फाडील, की रकान्यात स्वतःच वेळ लिहील? पान फाडले तर उद्या तपास करणाऱ्यांना एक पान कमी असल्याचे दिसेल आणि तिचा पाठलाग करणारे दोन होतील, सैतान आणि कायदा. वेळ लिहिली तर एका मृत्यूवर तिने स्वतःच्या हस्ताक्षरात साक्ष ठेवली असे होईल. दोन्ही पर्यायांतून कथा पुढेच सरकते, आणि या थांबण्याने वेग गेला असे म्हणणाऱ्याने वेग आणि घाई यांची गल्लत केलेली असते. माझी मागणी एवढीच आहे: राक्षस मारण्याच्या कथेत माणूस मेल्याची नोंद राहिली पाहिजे.

ही मागणी नव्या काळाच्या हळवेपणातून आलेली आहे, असे कोणी समजू नये. राक्षसवधाच्या जुन्यातल्या जुन्या कथा वध झाल्यावर थांबतात. मेसोपोटेमियाच्या गिल्गमेशच्या महाकाव्यात देवदारांच्या अरण्याचा राखणदार हुंबाबा जिवाची भीक मागतो, गिल्गमेशचा मित्र एन्किडू त्याला मारायलाच लावतो, आणि पुढे याच कृत्याच्या दोषासाठी एन्किडूच्या वाट्याला मृत्यू येतो. इराकमधील सुलेमानिया येथील संग्रहालयाने २०११ मध्ये मिळवलेली आणि २०१४ मध्ये अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेली या काव्याच्या ओळी कोरलेली एक मातीची पाटी तर याहून पुढे जाते. तिच्यातल्या ओळींत हुंबाबाचे अरण्य पक्ष्यांच्या, किड्यांच्या आणि माकडांच्या आवाजांनी भरलेले, एखाद्या राजाच्या दरबारासारखे दिसते, आणि वधानंतर एन्किडू मित्राला म्हणतो की आपण या अरण्याचे वाळवंट करून टाकले, आता देवाला काय उत्तर देणार. विजयाच्या क्षणी विजेत्याला पडलेला हा प्रश्न हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मातीत कोरून ठेवला. तो लिहिणाऱ्याला कथेचा वेग कळत नव्हता, असे म्हणवत नाही.

रामायणातही रावण पडल्यावर युद्धकांड संपत नाही. मंदोदरी रणभूमीवर येते, विलाप करते, आणि त्या विलापात रावण पुन्हा एकदा नवरा म्हणून, पराक्रमी आणि विद्वान पुरुष म्हणून उभा राहतो. बिभीषण भावाचे अंत्यसंस्कार करायला कचरतो, तेव्हा राम त्याला सांगतो, ‘मरणान्तानि वैराणि’, वैर मरणापाशी संपते, आणि पुढे म्हणतो की हा जसा तुझा तसाच आता माझाही. ज्याने बायको पळवली, ज्याच्यामुळे एवढा संहार झाला, त्याच्या देहाचे काय करायचे हा प्रश्न वाल्मीकींनी वाचकाच्या कल्पनेवर सोडला नाही. भागवतातला प्रल्हादही नृसिंहाकडे वर मागताना स्वतःच्या छळाचा हिशेब मागत नाही. तो बापाच्या पापाचे क्षालन व्हावे असे मागतो, आणि नृसिंह त्याला बापाची उत्तरक्रिया करायला सांगतो. वध किती भयंकर होता हे आपल्याला पाठ असते, पण त्याच्यानंतर मुलाने केलेली ही विनंती सांगताना मात्र आपण घाईने पुढे जातो.

ही सगळी महाकाव्ये आणि पुराणे, त्यांना वेळ होता, असे कोणी म्हणेल. म्हणून एका अस्सल थरारकादंबरीचे उदाहरण घेतो. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली प्रसिद्ध झाली, आणि त्या काळाच्या मानाने ती विलक्षण वेगवान आहे. तारा, आगगाडीची वेळापत्रके, टंकलेखन, फोनोग्राफवर ध्वनिमुद्रित केलेली रोजनिशी अशा तेव्हाच्या सगळ्या नव्या साधनांनी तिच्यातला पाठलाग चालतो. आजच्या कादंबरीतल्या मोबाइल आणि उपग्रह-नकाशांची ती थेट पूर्वज आहे. तिच्यात ल्यूसी नावाची तरुणी रक्तपिपासू पिशाच बनते आणि चार पुरुष तिला कायमचे संपवण्यासाठी तिच्या थडग्याशी जातात. यांतला डॉक्टर सीवर्ड, जो एरवी मनोरुग्णांवर उपचार करणारा संयमी माणूस आहे, तिला त्या रूपात पाहून रोजनिशीत नोंदवतो की त्या क्षणी तिला मारायचे असते तर आपण रानटी आनंदाने मारले असते. ज्या मुलीला त्याने कधीकाळी लग्नाची मागणी घातली होती, तिच्याबद्दलचे हे वाक्य त्याने लिहून ठेवले आहे, हे फार महत्त्वाचे आहे. लेखकाने नायकांपैकी एकाला स्वतःचा द्वेष रंगेहाथ पकडू दिला आहे. दुसऱ्या दिवशी खुंटी ठोकण्याचे काम तिचा वाग्दत्त वर आर्थर करतो. काम झाल्यावर त्याच्या हातातून हातोडा गळतो, तो कोसळण्याच्या बेतात असतो, कपाळावर घाम डवरलेला असतो. शवपेटीत आता पिशाच नसते. असते ती ल्यूसी, आणि तिचा चेहरा निव्वळ सुंदर झालेला नसतो, तर आजारपणात तिने सोसलेल्या वेदनेच्या आणि झिजेच्या खुणाही त्यावर परत आलेल्या असतात. या खुणा परत आणण्यात स्टोकरचे मोठेपण आहे. सैतान गेल्यावर माणूस परत आला, हे सिद्ध होते ते त्याच्या दुखण्यावरून.

याच कादंबरीत पुढे मीना ही दुसरी तरुणी, जिच्या रक्तात आता ड्रॅक्युला या मूळ पिशाचाचे विष भिनले आहे, त्याच्या मागावर निघालेल्या पुरुषांना विनवते की त्याचा द्वेष करू नका. ज्याने हे सगळे दुःख निर्माण केले त्याचीच स्थिती सर्वांत करुण आहे. उद्या कदाचित मलाही अशाच दयेची गरज लागेल. पाठलाग त्यामुळे थांबत नाही. ड्रॅक्युला मारला जातोच आणि मारला जायलाच हवा असतो. मात्र मारणाऱ्यांच्या हातून आता एक गोष्ट सुटू शकत नाही: आपण ज्याला मारतो आहोत तो आपल्यापैकीच कोणीतरी होता आणि आपल्यापैकी एक जण त्याच वाटेवर आहे. या जाणिवेने शेवटच्या प्रकरणांतला ताण दुपटीने वाढतो, कारण वाचक आता दोन घड्याळांकडे पाहत असतो, सूर्य मावळण्याकडे आणि त्या बाधेची खूण असलेल्या मीनाच्या कपाळावरच्या डागाकडे.

आता या सगळ्याचा कादंबरीबाहेरच्या जगाशी संबंध काय? पुस्तके वाचून लोक कुणाला झपाटलेले ठरवतात, असा माझा दावा नाही. पण झपाटलेले ठरवण्याचा इतिहास फार लांब आणि फार रक्ताळलेला आहे, आणि आपल्या कादंबऱ्यांची मांडणी त्या इतिहासातल्या आरोप करणाऱ्यांच्या मांडणीशी नको तितकी जुळते. पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान युरोपात चेटकी ठरवून मारल्या गेलेल्यांची संख्या इतिहासकारांच्या अंदाजानुसार ४० ते ६० हजारांच्या घरात जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी दिले गेले आणि एका वृद्धाला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारले गेले. तिथल्या खटल्यांत ग्राह्य धरलेला पुरावा थरारकथेच्या वाचकाला ओळखीचा वाटेल: आरोपीची छाया येऊन आपल्याला छळते, असे पीडित सांगत, आणि ती छाया पीडितांखेरीज कोणालाही दिसत नसे. ७१ वर्षांच्या रिबेका नर्स या बाईंना ज्युरीने प्रथम निर्दोष ठरवले होते. न्यायासनाने फेरविचार करायला सांगितला, एका बंदिवान स्त्रीच्या उद्गाराबद्दल बाईंना विचारण्यात आले, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत म्हणून त्यांना दोषी धरले गेले. आपल्याला कमी ऐकू येते आणि त्या वेळी आपण दुःखात बुडालेलो होतो, म्हणून प्रश्न कळलाच नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. १९ जुलै रोजी त्यांना फाशी झाली.

हा प्रसंग एखाद्या वेगवान कादंबरीत घातला तर काय होईल याचा विचार करावा. प्रश्न विचारल्यावर वृद्ध बाई गप्प राहते, शून्यात पाहते, आणि नायकाच्या अंगावर काटा येतो. वाचकालाही कळते की हिच्यात काहीतरी शिरले आहे. आणि कादंबरीत ते खरेच शिरलेले असते! लेखकाने तशी हमी दिलेली असते. कादंबरीत संशय नेहमी खरा ठरतो, अंतर्मनाची कुजबुज नेहमी बरोबर असते, आणि पुरावा मागणारा डॉक्टर, अहवाल येईपर्यंत थांबा म्हणणारा अधिकारी, घाई नको म्हणणारा म्हातारा पाद्री हे सगळे एक तर मूर्ख ठरतात नाहीतर तिसऱ्या प्रकरणात मारले जातात. शंका घेणाऱ्याला शिक्षा करणे ही या साहित्यप्रकाराची इतकी जुनी सवय आहे की ती आता आपल्या लक्षातही येत नाही. प्रत्यक्षात मात्र सेलमचे सत्र थांबले ते अशाच शंका घेणाऱ्यांमुळे. छायेचा पुरावा अग्राह्य ठरल्यावर १६९३ मध्ये बहुतेक सगळे आरोपी सुटले, आणि १६९७ मध्ये सॅम्युअल सीवॉल या न्यायाधीशाने भर चर्चमध्ये उभे राहून आपला दोष जाहीरपणे स्वीकारला. लहानपणी अनेकांवर आरोप करणाऱ्या ॲन पुटनमने १७०६ मध्ये माफी मागताना म्हटले की त्या काळात सैतानाने भुलवले होते ते आपल्यालाच. सैतान आरोपीच्या अंगात नव्हता, आरोप करणाऱ्याच्या नजरेत होता, ही कल्पना जिला सुचावी अशी एखादी कादंबरी मी शोधतो आहे. कारण ज्याला माणसांचा नाश करायचा आहे त्या बुद्धिमान सैतानाला एकेकाच्या शरीरात शिरण्याचे कष्ट घेण्यापेक्षा नायकाला चुकीच्या माणसाकडे बोट दाखवायला लावणे कितीतरी सोपे आहे.

ही फार जुनी गोष्ट आहे असेही नाही. जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथे १९७६ मध्ये आनेलीझ मिशेल ही २३ वर्षांची तरुणी मरण पावली. तिला अपस्माराचे निदान झाले होते. तरी सुमारे दहा महिन्यांत तिच्यातला सैतान काढण्याचे ६७ विधी केले गेले आणि अखेरीस ती उपासमारीने आणि शरीरातले पाणी कमी झाल्याने गेली. तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना १९७८ मध्ये न्यायालयाने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले. त्यांतल्या कोणाच्याही मनात तिच्याबद्दल द्वेष नव्हता, हे या घटनेचे सर्वांत अस्वस्थ करणारे अंग आहे. आपण सैतानाशी लढत आहोत अशीच त्या सर्वांची समजूत होती, आणि त्या लढाईच्या आवेशात समोरची मुलगी जेवत नाही, ती वाळत चालली आहे, हे दिसूनही दिसेनासे झाले. कॅथलिक चर्चने १९९९ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित विधिसंहितेत, एखाद्याला बाधा झाली आहे यावर सहज विश्वास ठेवू नये आणि वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, अशी सूचना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेला चेटकाच्या आरोपांतून होणाऱ्या छळाविरुद्ध स्वतंत्र ठराव करावा लागला तो २०२१ मध्ये. आज या क्षणीही कुठेतरी कुणाला तरी माणसांच्या यादीतून वगळले जात आहे.

अशा वेळी थरारकथेच्या लेखकाने उपदेशक व्हावे, पुस्तकाच्या सुरुवातीला इशारा छापावा किंवा अशा कादंबऱ्यांवर बंधने आणावीत, असे मला मुळीच वाटत नाही. बंदीने आणि इशाऱ्यांनी वाङ्मय शहाणे होत नाही, फक्त चोरटे होते. माझे म्हणणे लेखकाच्या कसबाबद्दल आहे. सैतान काढताना देह वाचवता येतो का, हा प्रश्न कथेत एकदा तरी जिवंतपणे विचारला जावा. वाचवता येत नसेल तर तसे का, हे त्या जगाच्या नियमांत बसलेले असावे, लेखकाच्या सोयीत नव्हे. शंका घेणारे एखादे पात्र शेवटपर्यंत टिकावे आणि निदान एकदा तरी त्याचे म्हणणे खरे निघावे. आणि ज्याला धैर्य असेल त्याने नायकाच्या हातून एक चूक होऊ द्यावी: ज्याला झपाटलेला समजून मारले तो झपाटलेला नव्हता. या एका घटनेने पुढची दोनशे पाने जितकी भयानक होतील तितकी शिंगांच्या आणि गंधकाच्या वासाच्या कितीही वर्णनांनी होणार नाहीत, कारण त्यापुढे प्रत्येक वेळी पाते उचलताना नायकाचा हात थरथरेल आणि त्याच्याबरोबर वाचकाचाही.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. वाचक या पुस्तकांकडे येतो तोच मुळी गुंतागुंतीपासून सुटका म्हणून. त्याला इथेही पश्चात्ताप, संशय आणि अंत्यविधी दिले तर त्याच्या विरंगुळ्याची जागाच आपण हिरावून घेऊ. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि सगळ्याच पुस्तकांनी सगळेच करावे असा आग्रह कोणी धरू नये. ज्या कथेत शत्रू पूर्णपणे परका आहे, कोणाच्याही देहात राहत नाही, तिला माझी ही अट लागूच पडत नाही. पण लेखकाने झपाटलेल्या माणसाची कल्पना वापरली, आपल्या जवळचा माणूस परका होण्याची भीती वाचकाकडून वसूल केली, तर त्या भीतीच्या दुसऱ्या बाजूपासून त्याला पळ काढता येणार नाही. आईच्या आवाजात सैतान बोलतो म्हणून आपण शहारतो, ते ती आई आहे म्हणूनच. मारण्याच्या क्षणी ती आई नव्हतीच असे जाहीर करणे म्हणजे वाचकाकडून घेतलेले परत न करणे होय.

या त्रुटीची झळ सर्वांत आधी बसते ती कादंबऱ्यांच्या मालिकांना, आणि जे माझे नैतिक म्हणणे मानत नाहीत त्यांनी निदान हे तपासून पाहावे. पहिल्या पुस्तकात नायक एका सैतानाला संपवतो. त्याच्यावर कुठलाच भार उरलेला नसल्यामुळे दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला तो पहिल्याच्या सुरुवातीला होता तसाच असतो, फक्त शस्त्रे जास्त. मग शत्रू मोठा करावा लागतो, तिसऱ्यात त्याहून मोठा, आणि पाचव्या पुस्तकात सगळे विश्व नष्ट होण्याच्या बेतात असूनही वाचक जांभई देतो. रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबातून नवा रक्तबीज उभा राहतो तसे हे चालू राहते. देवीमाहात्म्यातल्या त्या कथेत या लढाईचा शेवट होतो तो त्याच्या रक्ताचा प्रत्येक थेंब जमिनीवर पडण्याआधीच कालीने स्वतः पिऊन टाकल्यावर. कोणाला तरी ते रक्त आपल्या आत घ्यावे लागते. ज्या मालिकांमध्ये नायक जुन्या मृत्यूंचे ओझे घेऊन पुढच्या पुस्तकात येतो, ज्याला मागच्या पुस्तकातल्या एखाद्या मृताची बहीण दारात भेटते आणि माझ्या भावाला नेमके काय झाले होते असे विचारते, त्यांना शत्रूचा आकार वाढवत बसावे लागत नाही. त्या बहिणीला काय उत्तर द्यायचे, हेच पुढच्या पुस्तकाचे संकट होऊ शकते.

आणि इथे मला संपादकांशी आणि समीक्षकांशी बोलायचे आहे. पानांची संख्या कमी करायची असते तेव्हा सर्वांत आधी कात्री लागते ती याच पानांना, कारण तिथे ‘काही घडत नाही’ असा समज आहे. झटापट राहते, जिना राहतो, वही आणि तिच्यातले खोडलेले अक्षर जाते. लेखकानेही ती पाने बहुधा लिहिलेली असतात, निदान मनात तरी. समीक्षकांनी हा प्रकार वाचण्यालायक मानून, एखाद्या सामाजिक कादंबरीला जितक्या बारकाईने प्रश्न विचारतात तितक्याच बारकाईने विचारले की या पुस्तकात किती माणसे मेली, त्यांची नावे काय होती, त्यांच्या घरी कोणी निरोप दिला का, तर पुढच्या हस्तलिखितावर कात्री चालवणाऱ्याला त्या पानापाशी थांबून विचार करावा लागेल.